वहाबच्या गच्चीवर सव्वा मिनिट

वहाब तुंगेकर आठवी ‘ब’मध्ये माझा विद्यार्थी होता, तेव्हा तो एका जागी बसायचा नाही. मी नोकरीला नुकतीच लागले होते आणि भूगोल शिकवत होते. फळ्यावर नकाशा काढून मागे वळले की खिडकीजवळचा वहाब दाराजवळच्या बाकावर पोचलेला असायचा. एकदा मी त्याला म्हटलं, पाच मिनिटं स्वस्थ बसून दाखव. तीन मिनिटं बसला. मग उठून म्हणाला, "बाई, पायाला मुंग्या आल्यात. त्यांना जरा फिरवून आणतो."

आता त्याचं वय त्रेसष्ट आहे, गुडघे कुरकुरतात, आणि हाच वहाब पनवेलच्या मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर लोकांना सव्वा मिनिट अजिबात न हलता बसायला लावतो. पापणी लवली तर त्याला चालतं. मान हलली तर तो असा चेहरा करतो, जसा मी तेव्हा करत असेन.

मधली बावीस वर्षं तो कुवेतला होता. एका कंपनीत ओळखपत्रांसाठी फोटो काढायचं काम. माणूस आला, स्टुलावर बसला, बटण दाबलं, पुढचा. तो सांगतो की लाखभर चेहरे काढले असतील आणि त्यातला एक आठवत नाही. परत यायच्या आदल्या वर्षी तिथे एक प्रदर्शन लागलं होतं. राणी व्हिक्टोरिया तरुण होती त्या काळात इंग्लंडात कागदावर काढलेले माणसांचे फोटो, आणि ते ज्यांत जपून ठेवले होते ते अल्बम. वहाब सुट्टीच्या दिवशी सहज गेला आणि दुसऱ्या सुट्टीला पुन्हा गेला.

"बाई, त्या माणसांनी बसायला मेहनत घेतली होती," तो मला म्हणाला. "चेहऱ्यावर दिसत होती मेहनत. कोणी हसत नव्हतं, कारण हसू तेवढा वेळ टिकत नाही."

घरी आल्यावर त्याने पुस्तकं मागवली, इंटरनेटवर परदेशातल्या लोकांना विचारून विचारून भंडावलं, सुताराकडून एक लाकडी खोकं करून घेतलं आणि त्याला जुन्या प्रोजेक्टरचं भिंग बसवलं. साध्या शब्दांत त्याचं काम असं. जाड कागदाला चांदीचा क्षार लावायचा आणि तो ओलसर असतानाच खोक्यात घालायचा. समोर उन्हात माणूस बसवून भिंगावरचं झाकण सव्वा मिनिट काढून ठेवायचं. त्या कागदावर माणूस उलटा उमटतो, म्हणजे केस पांढरे आणि दात काळे. ही झाली निगेटिव्ह. तिला मेण लावून उजेड आरपार जाईल अशी करायची. मग दुसरा कागद मिठाच्या पाण्यातून काढून, वाळवून, त्यावर पुन्हा चांदी लावून, निगेटिव्ह वर ठेवून उन्हात धरायचा. वीसेक मिनिटांनी खालच्या कागदावर सरळ माणूस येतो, कोऱ्या चहाच्या रंगाचा. मीठ उरणकडच्या मिठागरातलं. त्यामुळे लोक या फोटोंना मिठाचे फोटोच म्हणतात.

मग तो फोटो तासभर धुवावा लागतो, नाहीतर दोन-चार वर्षांत विरून जातो. यावर त्याच्या बायकोचं, फरिदाचं, ठाम मत आहे.

"नळाला पाणी पाऊण तास," ती म्हणते. "आणि यांची माणसं आंघोळ करणार तासभर. चाळीस वर्षांत मी या माणसाला स्वतःला एवढी आंघोळ करताना पाहिलं नाही."

फरिदा पूर्वी घरी शिवणकाम करायची. मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलींच्या शादीच्या कपड्यांचे जोडे तिच्या मशीनखालून गेलेत. कापड बोटांत धरलं की ती सांगते, हे दोन धुण्यांत आटणार. नवऱ्याविषयीही तिचे अंदाज बहुधा बरोबर असतात.

बसणाऱ्याला एक फोटो फुकट मिळतो आणि एक वहाबच्या अल्बममध्ये जातो. हा अल्बम तुळशीरामने बांधलाय. तुळशीराम म्हणजे आमच्या शाळेची हजेरीपुस्तकं बांधणारा. चोवीस पानं, सुती लगद्याच्या जाड कागदाची. वहाब गोंद लावू देत नाही, कारण गोंदाला किडे येतात आणि डागही पडतात. पानालाच चार तिरप्या चिरा पाडून त्यांत फोटोचे कोपरे खोचायचे. दोन पानांच्या मध्ये धुतलेली मलमल. सगळा अल्बम फरिदाच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. पावसाळ्यात इथल्या हवेने भिंतीसुद्धा मऊ पडतात, म्हणून कोरडा दिवस मिळाला की तो अल्बम बाहेर काढून एकेक पान उघडं ठेवून बसतो.

"माझे ईदचे जोडे खाली आणि यांची पाहुणेमंडळी वर," फरिदा म्हणते. "उद्या मला तरी कपाटात जागा देतील की नाही कोण जाणे."

एका पानावर एकच फोटो, आणि एकदा लावलेला काढायचा नाही, हा त्याचा नियम. सात वर्षांत तेवीस पानं भरली. एकाही पानावरचं माणूस धड नाही. स्वतः तुळशीरामला दोन मिशा आहेत, एकीवर एक. बँकेत काम करणारी समीक्षा बसली ती मांडीवर फोन ठेवून, आणि तो तेवढ्या वेळात दोनदा उजळला. तिच्या चेहऱ्याच्या जागी डोळ्यांचा नुसता सडा आहे आणि फोन मात्र इतका रेखीव आलाय की कंपनीला पाठवावा. ओवे गावचे दयाराम पाटील आले. म्हाताऱ्याची जमीन खारघरच्या इमारतींखाली गेली, पण जमिनीवर बसल्यासारखे ते गच्चीच्या खुर्चीत बसले. फक्त तोंडात तंबाखू होती. फोटोत नाकाखाली काही नाही.

"आमी काय हाल्लो नाय," दयाराम म्हणाले. "तुमचा कागुद हालला आसंल."

चोविसावं पान वहाबने मागे ठेवलं होतं. त्यानंतर बसलेल्यांचे फोटो तो त्यांना देऊन टाकायचा, पण त्या पानावर लावायचा नाही. "बाई, एक तरी असा हवा ज्यात कोणी हललं नाही," तो म्हणायचा. "तो मिळाला की अल्बम बंद. नाहीतर माझ्यामागे लोक म्हणतील की वहाबला माणसं दिसतच नव्हती नीट."

हे तो हसत म्हणायचा. पण दर वेळी नवा कागद पाण्यातून वर येताना त्याच्या शेजारी उभं राहिलेलं कोणीही सांगेल, की त्याला ते किती हवं होतं.

अशा माणसाकडे फोटोसाठी विनायक टिपणीसांनी जावं, यासारखी उलटी गोष्ट नाही.

विनायकराव आणि कुमुद लाईन आळीत माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. विनायकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी कंपवात सुरू झाला. उजवा हात थरथरतो आणि मान बारीक बारीक हलत राहते. ती अशी हलते की समोरच्याला वाटतं हे नाही म्हणतायत. भाजीवाल्याने त्यामुळे दोनदा भाव खाली आणलाय. "आजाराचा हा एक फायदा आहे," ते म्हणतात, "तो डॉक्टरच्या यादीत नाही."

फेब्रुवारीत त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलगा परदेशात. समारंभ दोघांनाही नको होता. विनायकराव म्हणाले, "वहाबकडे बसू या."

"तुम्ही?" कुमुद म्हणाली.

"मी खुर्चीत बसतो की. हलतं ते बाकीचं."

कुमुदने त्या दिवशी आकाशी साडी नेसली. पन्नास वर्षांत विनायकरावांनी एकट्याने दुकानात जाऊन आणलेली ही एकच साडी, लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीची. बाकी सगळ्या तिने स्वतः घेतल्या. या साडीबद्दल तिचं मत असं की रंग तिला कधी शोभला नाही, पण माणूस एकटा दुकानात गेला होता.

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही वहाबच्या गच्चीवर होतो. वहाबने पंख्याच्या जुन्या स्टँडवर कापूस गुंडाळलेला लोखंडी दुबेळका बसवलाय. व्हिक्टोरियाच्या काळातही असे स्टँड खुर्चीमागे असायचे, बसणाऱ्याची मान मागून टेकायला. विनायकरावांची मान त्यात बसवली. मान थांबली नाही, स्टँडच हलायला लागला आणि गच्चीच्या फरशीवर टकटक वाजू लागला.

"आता माझ्यामुळे याला पण झालं," विनायकराव म्हणाले.

वहाबने भिंगावरून फडकं फिरवलं. मला त्याचा चेहरा ओळखता येतो. हा फोटो फुकट जाणार आणि तरी आपण मनापासून काढायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"ते लोखंड काढा," कुमुद म्हणाली. तिने आपली खुर्ची विनायकरावांच्या अगदी जवळ, जराशी मागे ओढून घेतली. मग पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन समोर धरला, आणि पदराआडून डावा हात त्यांच्या मानेमागे नेला. मी बाजूला उभी होते म्हणून मला दिसलं. रोज सकाळी ती त्यांची दाढी करते, तेव्हा असाच हात मानेखाली धरते. समोरून काहीही कळत नव्हतं. एक बाई अंगभर पदर घेऊन नवऱ्याशेजारी बसलीय, एवढंच.

वहाबने झाकण काढलं आणि पुटपुटत मोजायला लागला. पंचाहत्तर आकडे. साधारण वीस झाल्यावर विनायकरावांची मान थांबली. चाळीसच्या सुमाराला वहाबचा आवाज बदलला, कारण त्यालाही ते दिसलं होतं. साठनंतर तो इतका हळू मोजत होता की मला वाटलं कुमुदचा हात आता भरून येणार. शेवटी झाकण लागलं.

"झालं?" विनायकराव म्हणाले, आणि मान पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी वहाबने उन्हात फोटो छापला, धुतला, आणि ओल्या कागदासकट जिना उतरून मला फोन केला. "बाई, या. आत्ता या." मी गेले. तो दारात उभा राहून कागद दोन्ही हातांत आडवा धरून होता, गरम तवा धरावा तसा.

विनायकराव पूर्ण आले होते. भुवईचा केस न केस, चष्म्याची दांडी, ओठांच्या कडा. डोळे सरळ समोर. सहा वर्षांत मी त्यांचा चेहरा असा थांबलेला पाहिला नव्हता. वहाब म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह," आणि मग बराच वेळ नाक ओढत राहिला.

फरिदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने आधी माशाल्ला म्हटलं. मग तिची नजर विनायकरावांवरून शेजारी गेली आणि तिथेच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हे काय केलंत?"

"काय?"

"वहिनींची साडी पांढरी झालीय."

आता हे सांगायला हवं की या कागदाला सगळे रंग आपल्यासारखे दिसत नाहीत. निळं त्याला उजळ दिसतं, पांढऱ्यासारखं. लाल आणि पिवळं काळपट. वहाबला हे पहिल्यापासून ठाऊक. पण पांढरा रंग म्हणजे त्याच्यासाठी जुम्म्याचा कुर्ता, हजच्या यात्रेतले कपडे, एकंदरीत चांगलीच गोष्ट. टिपणीसांच्या घरात पांढऱ्या साडीचा अर्थ काय हे त्याला विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं. पण त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि तो काल दहा वाजल्यापासून फक्त एका मानेकडे बघत होता.

आम्ही तिघं पुन्हा बघू लागलो. पांढरी साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, त्याखाली मंगळसूत्र झाकलेलं. कपाळावरची मरून टिकली सावळ्या आलेल्या कपाळात हरवून गेली होती. शेजारी नवरा बसलेला, सगळ्यात स्पष्ट.

"टिकली आहे," वहाबने भिंग आणून दाखवलं. "ही बघ."

"भिंगातून आहे," फरिदा म्हणाली.

कुमुद कदाचित हसली असती. पण मी फोटो घेऊन त्यांच्या घरी पोचले तेव्हा विनायकरावांच्या थोरल्या बहीण वसुंधरा गुप्ते तिथे आलेल्या होत्या. वय एक्याऐंशी, नवीन पनवेलला मुलाकडे राहतात, रिक्षाने एकट्या येतात आणि रिक्षावाल्याला रस्ता सांगत येतात. त्यांनी फोटो हातात घेतला, आणि टेबलावर पालथा ठेवला.

"फाडून टाका हा."

"वन्सं, तो रंगाचा दोष आहे—"

"दोष कशाचाही असो. माझा भाऊ जिवंत आहे."

वसुंधराताईंना जुनाट म्हणून सोडून देता येत नाही. त्या चाळीस वर्षांच्या असताना त्यांचे यजमान गेले. तेराव्यानंतर सासूने कपाटातल्या रंगीत साड्या काढून जावांना वाटल्या. अकरा वर्षं त्या पांढरं आणि राखाडी नेसल्या. मग मुलाच्या लग्नात विनायकरावांनी हिरवी साडी आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, ताई, ही नेसली नाहीस तर मी मांडवात येत नाही. त्या नेसल्या. तेव्हापासून त्यांच्या अंगावर कोणी फिका रंग पाहिलेला नाही. आता त्याच भावाला आजार आहे, आणि त्याच्या शेजारी भावजय पांढऱ्यात.

कुमुदने फोटोकडे पुन्हा पाहिलं नाही. "वन्सं म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "वहाबभाईंना सांगा, पुन्हा काढा."

संध्याकाळी वहाब स्वतः आला. चपला दाराबाहेर, टोपी हातात.

"ताई, माफी मागतो. माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

"निगेटिव्ह की काय ते कुठाय?"

"घरी आहे."

"ते पण फाड. नाहीतर तू पुन्हा काढशील."

वहाबने हातातल्या टोपीची घडी घातली. ती निगेटिव्ह फाडली की संपलं. त्यातून पुन्हा काहीच निघत नाही. सात वर्षांत चोविसाव्या पानाला मिळालेला तो एकच कागद होता. "ताई, दोन आठवडे द्या," तो शेवटी म्हणाला. "दुसरा चांगला येऊ दे. मग हा आणि निगेटिव्ह दोन्ही मी तुमच्या हातात देतो. तुम्हीच फाडा."

वसुंधराताईंनी मान्य केलं, आणि दुसऱ्या फोटोला आपण जातीने हजर राहणार असं सांगितलं.

मग साडी ठरवायची होती, आणि इथे फरिदाने काम हातात घेतलं. तिने कापड बाजारातल्या ओळखीच्या शिंप्याकडून चिंध्या आणल्या, एका पुठ्ठ्यावर ओळीने टाचल्या, आणि वहाबला त्याचा फोटो काढायला लावला. पुठ्ठा सव्वा मिनिट अजिबात हलला नाही. वहाब म्हणाला, असं गिऱ्हाईक सात वर्षांत मिळालं नाही.

ही बातमी फुटली आणि मोहल्ल्यातल्या व आमच्या आळीतल्या बायका आपापली कापडं घेऊन गच्चीवर यायला लागल्या. कोणाला शालूचं काय होतं ते बघायचं होतं, कोणाला सुनेच्या हिरव्या रंगाचं. हळदीचा पिवळा कोळशासारखा आला, तेव्हा एक बाई अर्धा तास अस्वस्थ होती. फरिदा छडी घेऊन पुठ्ठ्यावर दाखवत होती आणि मला माझा नकाशाचा तास आठवत होता.

"डाळिंबी?" कुमुद म्हणाली.

"काळी होणार."

"काळं नको," वसुंधराताई म्हणाल्या. "संक्रांत गेली."

"मोरपंखी?"

"वहिनी, ती अर्धी काळी आणि अर्धी पांढरी होईल. लोक म्हणतील, हिचं नक्की ठरलेलं दिसत नाही."

शेवटी गुलाबीवर बोट आलं. फोटोत तो मधला येत होता, ना काळा ना पांढरा, नीटस करडा.

"या वयात गुलाबी?" कुमुद म्हणाली.

"गुलाबी नेस, करडी दिसशील," वसुंधराताई म्हणाल्या. "मला चालेल."

दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी पुन्हा दहा वाजता. कुमुद गुलाबी साडीत आली. विनायकराव जिना चढताना दोनदा मागे वळून बघत होते. वसुंधराताईंना कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"पदर एकाच खांद्यावर घे. मंगळसूत्र बाहेर काढ. टिकली मोठी लावलीस ना? हात मांडीवर."

कुमुदचा डावा हात खुर्चीमागे जाऊन परत आला. "वन्सं, एक हात मला—"

"मागे काय असा हात? फोटोत दांडीसारखा दिसेल. दोन्ही मांडीवर, मी सांगते."

कुमुदने हात मांडीवर ठेवले. मी तोंड उघडणार होते, पण तिने माझ्याकडे बघून मान हलवली. पंधरा दिवस तिने वसुंधराताईंची झोप उडालेली पाहिली होती.

वहाबने झाकण काढलं. विनायकरावांची मान थांबायची वाट बघत आम्ही सगळे उभे. दहा झाले, वीस झाले.

"विन्या, हलू नकोस रे," वसुंधराताई म्हणाल्या.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माहीत असतं. हलू नको म्हटलं की माणूस जास्त हलतो. विनायकरावांच्या मानेबरोबर आता खांदे हलू लागले.

"अरे, थोडा वेळ. लहानपणी लपायचास तेव्हा कसा बसायचास?"

"तेव्हा तू शोधायला यायचीस, ताई," विनायकराव ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, आणि हसले.

पंचाहत्तर मोजून झाल्यावर विनायकराव घामाने भिजले होते. फरिदाने लिंबाचं सरबत आणलं, तर पेला कुमुदला धरावा लागला. वहाब म्हणाला, पुढच्या रविवारी पुन्हा बघू. कुमुद म्हणाली, "नाही. आता यांना पुन्हा बसवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे टिपणीसांकडे जमलो. वहाबने नवा फोटो आणला होता. सोबत कबूल केल्याप्रमाणे जुना फोटो आणि मेण लावलेली निगेटिव्ह. अल्बम फरिदाच्या हातात, चोविसावं पान उघडं. ठरल्याप्रमाणे नवा त्यात जाणार आणि जुने दोन्ही कागद वसुंधराताईंच्या हातात.

नव्या फोटोत कुमुद सुरेख आली होती. करडी साडी, मंगळसूत्राचे मणी वेगवेगळे, कपाळावर टिकली. चेहऱ्यावर जरा काळजी. शेजारच्या खुर्चीत कोट आणि गुडघे होते. कोटाच्या वर गळ्यापासून पुढे चुलीवरच्या धुरासारखं काहीतरी वर गेलं होतं.

"हा चांगला आहे," वसुंधराताई म्हणाल्या. "छान आलीस, कुमुद."

"मी कुठाय?" विनायकरावांनी विचारलं.

फरिदाने बोटाने दाखवलं. "हा धूर आहे ना, ते तुम्ही."

विनायकराव पुढे झुकले. "मग कुमुद, तू कोणाशेजारी बसलीस?"

कुमुदने वहाबच्या हातातला जुना फोटो घेतला आणि टेबलावर नव्याच्या शेजारी ठेवला.

"वन्सं, हा पांढऱ्या साडीचा बघून कोणी विचारलं, हिचे यजमान कुठे, तर मी बोट दाखवून सांगेन, हे काय बसलेत. हा दुसरा बघून विचारलं तर काय सांगू?"

"लोक असं विचारत नाहीत. लोक साडी बघतात."

"मला लोकांसाठी नकोय. मला पुढे बघायला हवाय."

वहाब निगेटिव्हकडे बघत नव्हता, आणि त्यावरूनच कळत होतं की त्याचं सगळं लक्ष निगेटिव्हकडेच आहे. तो म्हणाला, "ताई, मी शब्द दिलाय. तुम्ही सांगाल तसं."

"तो पदर तसा का घेतला होता, माहितीय?" कुमुद म्हणाली. "आत माझा हात होता. यांच्या मानेखाली. काल तुम्ही मांडीवर ठेवायला सांगितलात तो."

वसुंधराताईंनी हात पुढे केला. "भिंग दे रे." वहाबने भिंग दिलं. त्या फोटोवर वाकल्या. पांढऱ्या साडीवर थांबल्या नाहीत, खांद्यापाशी, पदराच्या कडेपाशी थोडा वेळ शोधत राहिल्या, आणि मग भिंग भावाच्या चेहऱ्यावर नेलं.

"याची जिवणी बाबांसारखी आहे," त्या म्हणाल्या. "थेट. मला कधी दिसली नव्हती. सारखं हलत असतं हे ध्यान."

"मी समोरच बसलोय, ताई."

"तू गप्प बस. तुझ्याशी नाही बोलत मी." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "मला याची एक प्रत काढून दे, वहाब. हिच्या साडीवर मी अंगठा ठेवून बघीन."

"उद्या ऊन असलं की लगेच," वहाब म्हणाला. त्याने निगेटिव्ह उचलून इतक्या चटकन पाकिटात घातली की फरिदा तोंडावर पदर घेऊन दुसरीकडे बघू लागली.

"आणि तो धुराचा मला द्या," विनायकराव म्हणाले. "ही गुलाबीत पुन्हा दिसायची नाही."

"फोटोत ती करडी आहे," वसुंधराताई म्हणाल्या.

"असू दे. मी होतो तिथे."

वहाबने अल्बम टेबलावर सरळ केला, मलमल बाजूला केली आणि पांढऱ्या साडीच्या फोटोचा पहिला कोपरा चोविसाव्या पानाच्या चिरेत घातला. मग त्याने अल्बम कुमुदपुढे सरकवला. दोन कोपरे गेले, तिसरा गेला. चौथ्याची चीर अरुंद पडली होती. वसुंधराताई वाकून बघत होत्या.

"नखाने ढकल," त्या म्हणाल्या. कुमुदने नखाने ढकलला.